राजगडाच्या तटातलं पिंपळाचं रोप उपटायचं का?

प्रश्न: गेल्या रविवारी संजीवनी माचीवर होतो. तटाच्या सांध्यात वीतभर पिंपळ उगवलाय, मुळी दोन दगडांच्या मधे घुसलेली. हात शिवशिवत होते, पण थांबलो. २०२५ मध्ये १२ किल्ले जागतिक वारशात गेले ना, मग आता विचारायचं कुणाला?

उत्तर: थांबलात ते फार बरं केलंत! ओढलं की मुळीबरोबर दरजेतला चुना निघतो, दगड सैल होतो. बाराही किल्ले एका खात्याकडे नाहीत. रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. तेव्हा फोटो आणि नेमकी जागा संचालनालयाला लेखी कळवा.

उत्तर: दादा, परवानगीला कंटाळू नका. आम्ही एका गडावर टाक्यातला गाळ काढत होतो, तेव्हा चिखलातून एक घडीव दगड वर आला. खात्याचा माणूस सोबत होता, त्याने तिथेच नोंद केली. तो नसता तर दगड गाळाच्या ढिगात गेला असता. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

प्रश्नकर्ता: फोटो आहेत. आजच अर्ज लिहितो.