मदत हवी आहे: एचआयव्हीची डीएनए लस नेमकी कुठे अडते?

नमस्कार मंडळी. १ डिसेंबरला बारावीच्या मुलांसमोर या विषयावर वीस मिनिटं बोलायचं आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

वाचलंय ते असं. अमेरिकेतल्या एचव्हीटीएन ५०५ चाचणीत आधी डीएनए लस (म्हणजे विषाणूचं प्रथिन आपल्याच पेशींनी बनवावं म्हणून त्याचं जनुक टोचणं) आणि नंतर अ‍ॅडेनोव्हायरस या वाहक विषाणूवर आधारित बूस्टर दिला. सुमारे अडीच हजार स्वयंसेवक होते. प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद दिसला, पण संरक्षण मिळेना, म्हणून २०१३ मध्ये लस देणं थांबवलं. आफ्रिकेतल्या प्रेपव्हॅक चाचणीतही डीएनए लस होती. तिथेही लस देणं २०२३ मध्ये थांबवलं. आपल्याकडे पुण्यात आणि चेन्नईत डीएनए आणि एमव्हीए (दुर्बल केलेल्या, देवीच्या कुळातल्या विषाणूवर आधारित लस) या जोडीची छोटी चाचणी झाली होती, पण ती पहिल्या टप्प्याची, म्हणजे मुख्यतः सुरक्षितता तपासणारी.

मुलं हमखास विचारणार: कोरोनावर झायकोव्ह-डी ही डीएनए लस २०२१ मध्ये मंजूर झाली, मग एचआयव्हीवर का नाही? विषाणू सतत रूप बदलतो आणि त्याच्या आवरणावर साखरेचं कवच असतं, हे सांगेनच. तेवढ्यावर मात्र माझंच समाधान होत नाही. स्नायूत टोचलेलं डीएनए पेशींच्या केंद्रकापर्यंत फार कमी पोचतं, हीही अडचण आहेच.

एमआरएनए लसींबद्दल सध्या नको, आणि औषधोपचारांची माहिती माझ्याकडे आहे. प्रयोगशाळेत किंवा चाचण्यांवर काम केलेल्यांनी सांगावं: इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या छोट्या झटक्याने पेशींचं आवरण क्षणभर उघडून) डीएनए पेशींत नीट पोचवलं, तर अपयशाचा किती भाग सुटतो आणि किती भाग निवडलेल्या प्रथिनाच्या रचनेमुळे उरतोच?