‘मनी’ची सात मात्रांची मोजणी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘मनी’ हे गाणं पुण्यातल्या हौशी बँडकडून घसरतं कारण ड्रमर कच्चे असतात, आणि ते गाणं पैशाचं कौतुक करतं, असं काहींचं म्हणणं आहे. माझ्या मते घसरण्यामागे दोष मोजणीचा आहे. रिफ, म्हणजे बेस गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी धून, सात मात्रांची आहे आणि चार मात्रांची सवय लागलेले हात शेवटच्या ‘डी’ या स्वरानंतर नकळत आठवी मात्रा भरतात. स्वर मात्रांवर असे बसतात: १ खालचा बी, २ वर वरचा बी आणि एफ शार्प अर्ध्या-अर्ध्या मात्रेत, पण झुलवून (पहिला थोडा लांब, दुसरा आखूड), ३ बी, ४ एफ शार्प, ५ ए, ६ बी, ७ डी. आधी मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत हे तोंडाने म्हणा, मगच बेस हातात घ्या.

पुण्यात तबला शिकलेले पुष्कळ, म्हणून कोणीतरी रूपक हा सात मात्रांचा ताल सुचवतोच. सात मात्रांसाठी ठीक, पण रूपकात समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (बिनभाराची मात्रा) असते आणि इथे पहिल्या मात्रेवरच सगळा भार आहे. तो ठेका जसाच्या तसा लावलात तर गाण्याचा पायाच निघून जातो.

सॅक्सोफोनचा तुकडा सातातच आहे. गिटारचा सोलो मात्र चारात जातो, आणि अंतऱ्यासाठी पुन्हा सातात परततो. सगळ्यात जास्त गोंधळ या परतीच्या जागी होतो, तेवढीच जागा वेगळी घोटा.

हे गाणं पैशाचं कौतुक आहे हेही पटत नाही. फुटबॉलचा संघ विकत घ्यायची भाषा करणारा हावरट माणूस इथे बोलतोय, गाणं लिहिणारा रॉजर वॉटर्स नव्हे. गायकाने त्याला तोऱ्यातच गायला हवं.