मुलाला कोट्स डिसीज, परत भूल देऊन डाय टेस्ट आणि लेझर सांगितलंय, कुणाचा अनुभव आहे का?

नमस्कार, आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो, मुलगा साडेपाच वर्षांचा. दिवाळीत रंकाळ्यावर काढलेल्या फोटोत त्याचा डावा डोळा पिवळा चमकलेला, उजव्यात नेहमीसारखा लाल ठिपका. फ्लॅशमुळं असेल म्हणून सोडून दिलं. मग एकदा खेळताना मी त्याचा उजवा डोळा हातानं झाकला तर म्हणतो, "आई, लाईट गेली काय?" हातपायच गळाले माझे.

इथल्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला पाठवलं, तिथं आधी सोनोग्राफी करून कॅन्सरची गाठ नाही ना ते बघितलं, नव्हती, मग कोट्स निघाला. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिना) रक्तवाहिन्या फुगून पाझरतात आणि पडद्याखाली पिवळं साचत जातं. बहुतेक मुलग्यांना, आणि एकाच डोळ्याला होतो म्हणे. आनुवंशिक नाही हे ऐकल्यावर घरातली कुणाकडनं आलं ही चर्चा थांबली.

पूर्ण भूल दिली, शिरेतून फ्लोरेसिन डाय सोडला, वाहिनी जिथं गळत होती तिथं फोटोत पांढरं चमकत होतं, आणि त्याच वेळी तिथं लेझर मारलं. साध्या तपासणीत न दिसलेल्या अगदी कडेच्या दोन जागा त्यात सापडल्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवी नारिंगी होत होती, आधीच सांगितलेलं म्हणून घाबरलो नाही.

आता तीन महिन्यांनी परत तेच सगळं. घरचे म्हणतात डोळा वरनं चांगला दिसतोय, एवढ्याशा पोराला किती वेळा झोपवायचं? मला टाळायचं नाहीये पण रात्री झोप लागत नाही. तुमच्याकडं किती वेळा करावं लागलं? चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून अधू डोळ्याची नजर किती सुधारली? आणि उपाशीपोटी न्यायचं असतं तर इथनं रात्री निघता की पुण्यात मुक्काम करता?

उत्तर:
ताई, जावाच. माझ्या पुतण्याला तीनदा लेझर आणि एकदा क्रायो (गोठवून पाझरणाऱ्या वाहिन्या बंद करणं) झालं. सगळं पाझरणं बंद झालं असं वाटल्यावर दोन वर्षांनी नवीन जागा पाझरली, डोळा वरनं स्वच्छ होता, दुखत नव्हता, पोरगं काही सांगत नव्हतं, ती डायच्या फोटोतच दिसली. आधीचे फोटो पेनड्राइव्हवर मागून घ्या, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघता येतात. नजर पूर्ण नाही आली, पण पट्टी लावल्यावर आता कॅरमच्या सोंगट्या ओळखतो. मुक्कामच करा, आणि शेवटचं खाणं नि पाणी किती वाजता द्यायचं ते भूलतज्ज्ञांकडनं लिहून घ्या.