मदत हवी आहे : टँजी आमच्या काळ्या जमिनीत येईल का?

संत्राबाग_काटोल
चुलतभाऊ कॅलिफोर्नियाहून दिवाळीला येतोय. येताना टँजीच्या बिया आणतो म्हणतो. वास हुबेहूब संत्र्याचा आणि तिकडे भावही चांगला. आपल्याकडे लावायची केव्हा, पाणी किती लागतं? लवकर सांगा, त्याला उद्या कळवायचं आहे.

बागाईतदार
जमीन किती खोल? खाली चुनखडी लागते का? पाणी ठिबकने देता की पाटाने? आणि भाऊ, बी लावून बाग उभी करू नका, फळ धरायला फार वर्षं लागतात. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं घ्या, ६ बाय ६ मीटरवर लावा. चाळीस वर्षांपासून आमच्याकडे हेच चालतं.

रश्मी_धरमपेठ
नवीन जात असेल तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आधी विचारा.

संत्राबाग_काटोल
अहो फळ नाही, गांजाची जात आहे ती! नेटवर सगळीकडे माहिती आहे, म्हणून वेगळं लिहिलं नाही. झाडांच्या मधल्या जागेत लावायची आहे. आता सांगा.

अ‍ॅड_सिव्हिल_लाइन्स
भावाला आत्ताच फोन करा आणि बिया आणू नको म्हणून सांगा. १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २० खाली गांजाचं झाड विनापरवाना लावणं हाच गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. माल विकला की नाही, हा प्रश्न त्यात येतच नाही. शिवाय परदेशातून कोणतंही बियाणं आणायला वनस्पती संगरोध खात्याची (रोपं-बियाण्यांतून रोगकिडी येऊ नयेत म्हणून तपासणाऱ्या) परवानगी लागते.

भोलेनाथ७७
वकीलसाहेब, एवढं घाबरवता काहून? महाशिवरात्रीला भांग चालतेच ना. उत्तराखंडात तर सरकार परवाना देते.

अ‍ॅड_सिव्हिल_लाइन्स
भांग पानांची असते. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे; शेंड्याशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पण झाड उभं केलं की त्याला फुलोरा येणारच. उत्तराखंडातला परवाना धाग्यासाठी आणि बियांसाठी लावायच्या हेंपचा, म्हणजे नशा न आणणाऱ्या जातीचा आहे, त्यात टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ०.३ टक्क्यांच्या आत लागतं. टँजी नशेसाठीच तयार केलेली जात आहे, ती त्यात बसणार नाही.

रसायनवाले_सर
वासाबद्दल मला लिहायचंच आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य असतं. टँजी ही कॅलिफोर्निया ऑरेंज आणि स्कंक या गांजाच्याच जातींच्या संकरातली. तिच्यातही लिमोनीन असतं, पण बऱ्याच नमुन्यांत मायर्सीन हे दुसरं सुगंधी द्रव्य त्याहून जास्त निघतं. मग वास संत्र्याचा कसा? २०२३ मध्ये छापून आलेल्या एका संशोधनात असं दिसलं, की अशा आंबटगोड वासामागे अगदी अल्प प्रमाणातली गंधकयुक्त द्रव्यं असतात. म्हणजे ‘लिमोनीन आहे म्हणून संत्र्याचा वास’ हे अर्धंच खरं.

डेन्व्हरकर_नागपूरचा
सर, कागदावर काहीही असो, मी घेतली आहे. डोकं हलकं होतं, गप्पा रंगतात, झोप येत नाही. लिमोनीनमुळेच मन प्रसन्न राहतं.

रसायनवाले_सर
एवढं छातीठोक सांगू नका. जॉन्स हॉपकिन्सचा २०२४ चा प्रयोग वीस जणांवरचा होता. त्यातल्या बाराच जणांना ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिलं, तेव्हा घाबरेपणा कमी झाला. एवढं लिमोनीन फुलात सहसा नसतं. छाती धडधडणं, तोंडाला कोरड, संशय येणं हे टीएचसीचे परिणाम वास गोड असला तरी होतातच.

डेन्व्हरकर_नागपूरचा
मला तसं काही झालं नाही. असो. भाऊ, बियांचा भरवसा मात्र धरू नका. संकराच्या बियांतून येणारी रोपं एकसारखी नसतात. इकडे अमेरिकेत चांगली मादी झाडं निवडून त्यांच्या फांद्यांपासून रोपं करतात. तुमचा भाऊ बोलतो तो भाव त्या मालाला, तोही परवाना असलेल्याच्या.

मेथी_लाडू
कोणाला घरी संत्रा बर्फी जमली आहे का? माझी पाणीच सोडते.

रश्मी_धरमपेठ
ताई, गर आधी आटवून मग खवा घाला. पण वेगळा धागा काढा ना.

संत्राबाग_काटोल
ठीक आहे, भावाला नाही म्हणून कळवतो. पण मी हौसेने विचारलं नव्हतं. आंबिया बहाराची फळं गळून पडली, कित्येक झाडं वाळताहेत. रोपवाटिकेने कलमं चांगली म्हणून दिली होती. मधल्या जागेतून चार पैसे निघतील, एवढंच डोक्यात होतं.

बागाईतदार
हे पहिल्यांदा सांगायचं होतं, बाप्पा! खोडातून डिंक येतो का? पानं पिवळी पडताहेत? कलमाचा जोड मातीत गाडला गेला आहे का?

संत्राबाग_काटोल
डिंक येतो. जोड दिसतच नाही, माती चढली आहे. पाणी पाटाने.

बागाईतदार
मग हा डिंक्याच, फायटोप्थोरा बुरशीचा. जोड जमिनीपासून वीतभर वर मोकळा पाहिजे, तेवढी माती आजच ओढून काढा. डिंकाची साल चांगल्या भागापर्यंत खरवडा आणि बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. पाणी खोडाला लागू देऊ नका, दुहेरी आळं करा, पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. काळ्या जमिनीत ओळींमधून चरही काढावे लागतील. मधल्या जागेत हरभरा घ्या, पण खोडापासून लांब.

भोलेनाथ७७
बोर्डोपेक्षा गोमूत्र आणि हळद लावा, आमच्या मामांची बाग त्यावरच टिकली.

बागाईतदार
खोडाला हळद फासून फायटोप्थोरा जात नाही. काटोलवाले, जोडाचा आणि मुळांचा फोटो टाका. मुळाची साल बोटाने निसटून येत असेल तर ते झाड वेगळं धरावं लागेल.