दात पाहून वय काढतात ती 'वयनिश्चिती' की 'वयाचा अंदाज'?

मांडवीकाठ: एका सांगाड्याच्या दंततपासणीचा अहवाल मराठीत आणतेय. दातांवरून वय ४५ ते ५५ काढलंय. मी 'वयनिश्चिती' लिहिलं, भाषांतर तपासणाऱ्यांनी 'वयाचा अंदाज' केलं. कोर्टाच्या कागदात 'अंदाज' फार हलका वाटतो. तुम्ही काय लिहाल?

बांबोळी: दातांचंच काम करतो म्हणून सांगतो, अंदाजच लिहा. मुलांच्या बाबतीत तो बराच नेमका येतो. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुसरी बाराव्या. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ मध्ये कधीही, कित्येकांना येतच नाही. पुढे वाढ संपते आणि दातांत काय काय बदललं तेच पाहावं लागतं. गुस्ताफसन या स्वीडिश दंततज्ज्ञाने १९५० साली सहा गोष्टी धरल्या: दाताची झीज, हिरडी मागे हटणं, आतली पोकळी भरत जाणं, मुळावर थर चढणं, मूळ विरघळणं, मूळ पारदर्शक होणं. नुसत्या झिजेवर विसंबलं तर फसगत होते. सुपारी-तंबाखू चघळणाऱ्याचे दात चाळिशीतच म्हाताऱ्याचे दिसतात. मूळ टोकाकडून वर पारदर्शक होत जातं, ते जास्त भरवशाचं. दाताची पातळ चकती उजेडासमोर धरली की दिसतं. पण निश्चिती? ४५ ते ५५ ला निश्चिती कोण म्हणेल?

साखळीकर: 'अंदाज' फारसी आहे. 'अनुमान' हा आपला शब्द असताना तो कशाला?

सत्तरीतला: साखळीकरबाब, अनुमान न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात शोभतं. आजोबा बैल घेताना ओठ वर करून पाहायचे: आदत, दुदाती, चौदाती, जुळलेला. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, दुदाती म्हणजे दुधाचे दोन पडून कायमचे दोन आलेला. सगळे दात पुरे झाले की जुळला, मग व्यापारी सांगेल ते वय. 'धर्माचे गायी आणि दात का गे नाही' ही म्हण उगाच नाही पडली.

साखळीकर: दाढ दंष्ट्रेतून आली, पण तिच्यापुढे 'अक्कल' अरबी. संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात, दोनदा जन्मणारा. अख्खं दंतशास्त्र त्या एका शब्दात आहे!

मांडवीकाठ: पोर्तुगीजांकडेही अक्कलदाढ 'देंत दु सीझु', म्हणजे शहाणपणाचाच दात. पण माझा अहवाल?

बांबोळी: अल्पवयीन कोण हे ठरवताना २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ९४ सुद्धा आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला मागतं. वैद्यकीय चाचणी ते नसतील तरच.

सत्तरीतला: पेडण्याकडे 'आदत'ला दुसरा शब्द आहे का? आणि म्हशीलाही 'जुळली' म्हणतात का?