सातवीच्या वर्गात ज्यू परंपरेतले धडे कसे घ्यावेत?

दांडियाबाजार_शिक्षिका
नमस्कार मंडळी. बडोद्यात सातवीला मूल्यशिक्षणाचा तास घेते, 35 मिनिटांचा. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, मराठी बोलणारीच माणसं, म्हणून यंदा ज्यू परंपरा घ्यायची आहे. सणांची यादी पाठ करून घ्यायची नाही. रोजच्या जगण्यातून मुलांना काही उमगावं असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

कोकण_ते_बडोदा
ताई, खाण्यापासून करा. तोंडात काही घालण्याआधी क्षणभर थांबून बेराखा म्हणायची, म्हणजे ते देणाऱ्याची स्तुती करायची. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. टेबलावर पेरू, खजूर, अननस, केळी ठेवा आणि मुलांना दोन गट करायला सांगा. केळं बहुतेक मुलं झाडाकडे टाकतील. ते जातं जमिनीकडे! घड उतरला की तो बुंधा संपतो, पुढचं केळं नव्या फुटव्याला येतं. पेरूचं खोड मात्र तेच राहतं आणि पुन्हा फळतं. नीट पाहिल्याशिवाय आभारसुद्धा नीट मानता येत नाहीत, हे मुलांना हातातल्या फळावरून कळू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

मूळ हिब्रू बेराखा मात्र मुलांकडून घोकून घेऊ नका. तिच्यात देवाचं नाव आहे, ते उगाच घेत नाहीत. अर्थ मराठीत सांगा. शेवटी वाटीभर मलिदा द्यावा: पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. बेने इस्राएल घरांत एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने मलिदा होतो. वीस मुलांना अर्धा किलो जाडे पोहे पुरतात. नुसते धुऊन निथळा. भिजत ठेवले तर गूळ घालताच लगदा होतो.

मांडवीकर
दानपेटीही ठेवा, त्झेदाकाची. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, पैशाला हात लावत नाहीत, म्हणून अनेक घरांत शुक्रवारी दिवे लावण्याआधी पेटीत नाणी टाकतात. तुम्हीही शुक्रवारच ठेवा. मुलांनी बंद मूठ आत घालावी, रिकामी असली तरी चालेल. कुणी किती टाकले हे वर्गात विचारलं की सगळं बिघडतं. 12व्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत देणारा-घेणारा एकमेकांना ठाऊक नसणं ही वरून दुसरी. सर्वांत वरची म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन मागण्याची वेळच येऊ न देणं. आठही पायऱ्या चिठ्ठ्यांवर लिहा, क्रम मुलांना लावू द्या. वाद होईल, होऊ द्या.

दांडियाबाजार_शिक्षिका
वाद झाला की दोघं-तिघंच बोलतात, बाकीची गप्प. त्याला काय करावं?

कोकण_ते_बडोदा
हव्रुता करा, म्हणजे जोडीने अभ्यास. दोघांत एकच कागद, एकच ओळ: ‘शहाणा कोण? जो प्रत्येक माणसाकडून शिकतो.’ मिश्ना या जुन्या ज्यू ग्रंथातल्या अवोत या भागातली आहे. एकाने मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा, दुसऱ्याने शंका काढायचीच, मग अदलाबदल. पाच-पाच मिनिटं. दुसरा नुसता मान डोलावत असेल तर त्याला विचारा, ‘चोराकडून काय शिकायचं?’