पॅनेल ठोकून बंद करण्याआधी टीव्हीसाठी काय काय करून घ्यावं?

दुपारचा_चहा

पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये सुतारकाम सुरू आहे. हॉलमध्ये टीव्हीची भिंत ते सोफ्यामागची भिंत हे अंतर १० फूट. बिल्डिंग मिवानची, म्हणजे भिंतीही साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या. टीव्हीमागे ५ फूट रुंद पॅनेल ठरलंय, मधे १२ मिमी प्लायवर लॅमिनेट आणि कडेला चारकोलच्या पट्ट्या. टीव्ही फोटोफ्रेमसारखा भिंतीला चिकटून हवा, एकही वायर दिसायला नको. सुतार म्हणतो, "आधी पॅनेल होऊ द्या, मग कंपनीचा माणूस येऊन लावून जाईल." ५५ इंची घ्यावा की ६५? पॉइंट नेमका कुठे काढायचा? भिंतीत झिरी (वायरसाठी खाच) मारता येईल का? डाव्या हाताला पश्चिमेचं बाल्कनीचं काचेचं दार आहे आणि घरात दिवसभर बातम्या चालू असतात, हेही सांगून ठेवतो.

तारेवरची_कसरत

पॅनेल आधी करू नका. पॅनेलच्या आतलं काम आधी, मग पॅनेल, मग टीव्ही.

झिरीचं आधी सांगतो. मिवानच्या भिंती आरसीसीच्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) असतात आणि इमारतीचा भार त्या स्वतः पेलतात. सळईवर जेमतेम २०-२५ मिमी काँक्रीट असतं, म्हणजे कटर लावला की तो सळईपर्यंत पोचलाच. म्हणून झिरी नाही. तुमच्याकडे पॅनेल होणारच आहे, त्यामुळे अडतही नाही. पॅनेलच्या मागे ५५-६० मिमी पोकळी सोडायला सांगा आणि सगळे पाइप त्यातून घ्या.

दोन पाइप टाका. एक २५ मिमीचा, फक्त मेन वायरसाठी. दुसरा ५० मिमीचा, टीव्हीमागून खाली युनिटपर्यंत, एचडीएमआय, लॅन आणि डिशच्या केबलसाठी. ५० कशाला, असं सुतार विचारेलच. एचडीएमआयचा प्लग साधारण २१ मिमी रुंद असतो. २५ च्या पाइपात तो सरळ जातो, पण वळणावर अडकतो, आणि पुढे केबल बदलायची वेळ आली की पॅनेल फोडावं लागतं. एल्बो (काटकोनी जोड) न लावता लांब बेंड लावा आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा.

आता पॉइंट. टीव्ही भिंतीला न चिकटण्याचं नेहमीचं कारण ब्रॅकेट नसतं, प्लग असतो. स्लिम ब्रॅकेट टीव्हीला भिंतीपासून २-३ सेंमीवर धरतं. तीन पिनांचा प्लग टॉप बोर्डात बसवल्यावर ४ सेंमी तरी बाहेर येतो. मग टीव्ही खालून बाहेर राहतो, किंवा माणूस दाबून बसवतो आणि एचडीएमआयचं पोर्ट वाकतं. त्यामुळे टीव्हीच्या मागे पॅनेलमध्ये १२ बाय १० इंचांचा कोनाडा कापून घ्या आणि बोर्ड त्याच्या आत बसवा. कोनाडा बरोबर मध्यभागी नको, तिथे ब्रॅकेट येतं. एका बाजूला सरकवा.

६ अँपिअरचे दोन सॉकेट टीव्हीमागे, चार खाली युनिटमागे. मागच्या सॉकेटचं बटण खाली युनिटजवळ काढा, नाहीतर वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाल्यावर टीव्ही बंद करायला हात कुठे घालणार? स्टॅबिलायझरपेक्षा अर्थिंग नीट तपासून घ्या. आजकालचे बरेचसे टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात. त्यांना मारतो तो सर्ज (अचानक उसळणारं व्होल्टेज), आणि तो पुष्कळदा डिशच्या केबलमधून सेट टॉप बॉक्समार्गे एचडीएमआय पोर्टात शिरतो. पावसाळ्यात घर बंद ठेवून गावी जाणार असाल तर डिशची केबलही काढून ठेवा.

सुतारपक्षी

५ फुटांचं पॅनेल ६५ इंचीला अपुरं पडेल. ६५ इंच हे तिरकं माप. प्रत्यक्षात पडदा १४४ सेंमी रुंद, ८१ सेंमी उंच, म्हणजे पावणेपाच फुटांच्या आसपास रुंदी. ५ फुटांत दोन्हीकडे दीड-दीड इंच उरतो. पैसे घालून लावलेल्या चारकोलच्या पट्ट्या टीव्हीमागे झाकल्या जातील. साडेसहा फूट करा, नाहीतर ५५ वर थांबा (१२२ बाय ६८.५ सेंमी).

उंची सगळ्यांचीच चुकते. सोफ्यावर बसल्यावर डोळा जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर असतो, पडद्याचा मध्य तिथेच हवा. ६५ इंचीची खालची कड २६ इंचांवर येते. युनिट १६ ते १८ इंचांचं ठेवलंत तर मधे साउंडबारला जागा राहते. २४ इंचांचं केलंत तर साउंडबार टीव्हीच्या रिमोटचा सेन्सर झाकतो, मग बसा रिमोट उंच धरून. आणखी एक खोच: मागची व्हेसाची (ब्रॅकेट लावायची) भोकं पडद्याच्या मध्यावर असतातच असं नाही, पुष्कळ मॉडेलांत ती खाली असतात. मॅन्युअलमधलं माप घेतल्याशिवाय भिंतीवर खूण करू नका.

मुख्य मुद्दा पकड. चारकोल पॅनेल हे हलकं प्लास्टिक, त्यात स्क्रू धरत नाही. १२ मिमी प्लाय पोकळीवर ठोकलेला असेल तर तोही भरवशाचा नाही. ब्रॅकेटच्या जागी ३ बाय २ फुटांत पोकळी प्लायच्या तुकड्यांनी भरून काढा, वरून १८ मिमीचा प्लाय लावा आणि फास्टनर थेट भिंतीत जाऊ द्या. मधे पोकळ राहिलं तर पाना आवळताना प्लाय आत खचतो आणि ब्रॅकेट वाकडं होतं. हा भराव करताना पाइप आणि कोनाड्याची जागा सोडायला विसरू नका.

ड्रिलच्या पावडरीकडे बघा, भिंत स्वतःच सांगते. करडी पावडर आणि बिट रडतरडत आत जातंय, तर आरसीसी: एम८ चे अँकर (भिंतीत फुलून पकडणारे ८ मिमीचे बोल्ट), भिंतीत ६० मिमी खोल. सळई लागली तर जोर करू नका, २-३ सेंमी सरका, ब्रॅकेटला लांबट खाचा त्यासाठीच असतात. लाल पावडर म्हणजे वीट. बिट लोण्यासारखं गेलं आणि पांढुरकं पीठ पडलं, तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा). मिवानच्या इमारतीतही नंतर बांधलेल्या आतल्या भिंती कधीकधी ब्लॉकच्या निघतात. तिथे हॅमर बंद करून नुसत्या फिरकीवर भोक पाडा. साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची पुंगळी) दोन महिन्यांत ढिली होते, एएसीसाठीची ८०-१०० मिमी लांब नायलॉनची गिट्टी किंवा केमिकल अँकर वापरा.

काळ्यात_काळं

मापाचं गणित सोपं आहे. फोर-केला तिरक्या मापाच्या १.२ ते १.६ पट अंतर चांगलं. तुमच्या १० फुटांतून पॅनेल, टीव्ही आणि सोफ्याची पाठ वजा केली की डोळ्यापर्यंत साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच उरतात. ६५ गुणिले १.६ म्हणजे १०४. त्यामुळे ६५ च. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या भावांवरून बजेट धरलं असेल तर पुन्हा बघा.

आता "स्टायलिश" या शब्दाबद्दल. दुकानात कडेने हात फिरवून "किती पातळ!" म्हणतो, तो एलईडी टीव्ही बहुतेक वेळा एज-लिट असतो, म्हणजे दिवे फक्त कडांना. अंधाऱ्या दृश्यात त्याचे कोपरे धुरकट उजळलेले दिसतात. दिवे पूर्ण पडद्यामागे असलेला, त्यातही मिनी एलईडी (दिवे अगदी बारीक आणि पुष्कळ), थोडा जाड असतो पण चित्रात सरस. ओलेडचा काळा रंग खरा काळा, कारण प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो. तोही वरच पातळ असतो, खाली सर्किट असल्यामुळे ४-५ सेंमीचा फुगवटा येतो. क्यूलेड हे नाव ओलेडसारखं वाटलं तरी आत एलसीडीच आहे.

तुमच्याकडे दिवसभर बातम्या, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात चॅनलचा लोगो. ओलेडवर असं वर्षानुवर्षं चाललं तर त्या जागचे पिक्सेल जास्त झिजतात आणि पट्टीची सावली राहते. शिवाय पश्चिमेचं ऊन. तुमच्यासाठी मिनी एलईडी, आणि त्या दाराला जाड पडदा.

दुपारचा_चहा

६५ आणि साडेसहा फूट पॅनेल नक्की करतो. दोन शंका. डायनिंगवरूनही दिसावा म्हणून बाहेर ओढता येणारं हाताचं ब्रॅकेट लावू का? आणि बायकोला चित्राच्या फ्रेमसारखा दिसणारा टीव्ही आवडलाय, तो कसा?

सुतारपक्षी

हाताचं ब्रॅकेट मिटवल्यावरही बरीच जागा खातं, म्हणजे फोटोफ्रेम विसरा. भारही बघा: २५ किलोचा टीव्ही भिंतीपासून ४५ सेंमी बाहेर ओढला आणि वरच्या-खालच्या बोल्टांत २० सेंमी अंतर असलं, तर वरच्या बोल्टांवर सुमारे ५६ किलोची ओढ येते. आरसीसीत हे झेपतं, ब्लॉकच्या भिंतीत नाही करायचं.

काळ्यात_काळं

सॅमसंगचा द फ्रेम २०१७ पासून आहे आणि २०२२ पासून त्याचा पडदा मॅट आहे. तुमच्या उन्हाला हा मॅट पडदा फायद्याचा, पण काळा रंग मिनी एलईडीइतका खोल मिळत नाही. ज्या मॉडेलबरोबर वेगळा जोडणी-डबा येतो, त्यात सगळ्या केबल त्या डब्याला लागतात आणि टीव्हीकडे एकच बारीक वायर जाते. ती लांबी मोजून, तीक्ष्ण वळण न देता घ्या. डबा बंद कपाटात कोंडू नका, तापतो. मागे २ इंचांचं भोक आणि पुढे जाळीचं दार करून घ्या.

तारेवरची_कसरत

खोकं बसवणारा माणूस येईपर्यंत उघडू नका, पडदा तडकलेला निघाला तर तो त्याच्यासमोरच निघायला हवा. तोवर खोकं उभंच ठेवा, आडवं टाकलं की मधे दाब येऊन टीव्हीचा पडदा जातो. पहिल्यांदा चालू केल्यावर स्टोअर की होम विचारेल, तिथे होम निवडा. स्टोअर मोडमध्ये बॅकलाइट सतत पूर्ण राहतो, आतल्या दिव्यांच्या पट्ट्या लवकर जातात आणि बिलही वाढतं.

आणि उद्या सुतार यायच्या आत १४४ बाय ८१ सेंमीचा पुठ्ठा कापून, खालची कड २६ इंचांवर धरून भिंतीला चिकटपट्टीने लावा. सोफ्याच्या जागी खुर्ची ठेवून बसून बघा, डायनिंगवरूनही बघा. कोनाडा कुठे कापायचा त्याची खूण त्याच पुठ्ठ्यावर करून सुताराच्या हातात द्या.